किनारा वाचवण्याच्या कामाला लागताना : किम्बर्लीच्या वायुप्रकल्पाकडून नवागतांनी काय शिकावे

ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यातील किम्बर्ली हा प्रदेश चार लाख चौरस किलोमीटरहून मोठा आहे; तिथे राहणारी माणसे मात्र अर्ध्या लाखाहून कमी आहेत. ब्रूम गावाच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर, लाल मातीच्या कड्यांखाली, जेम्स प्राइस पॉइंट नावाचे टोक समुद्रात शिरले आहे. तिथले ॲबोरिजिनल, म्हणजे मूळनिवासी, लोक त्याला वालमदान म्हणतात. डिसेंबर २००८ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याचे तत्कालीन प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, कॉलिन बार्नेट यांनी खोल समुद्रातील ब्राउझ क्षेत्राचा वायू द्रवरूप करण्याच्या कारखान्यासाठी ही जागा निवडली. १२ एप्रिल २०१३ रोजी वुडसाइड कंपनीने हा प्रकल्प व्यापारी कसोटीला उतरत नसल्याचे सांगून तो तिथे उभारण्याचा बेत सोडला. मधल्या सुमारे सव्वाचार वर्षांत तिथे जे घडले, जे चुकले आणि जे योगायोगाने साधले, त्याच्या आधारे हा लेख लिहिला आहे. किम्बर्लीत वायूचे प्रस्ताव अजून संपलेले नाहीत आणि या कामात दर वर्षी नवी माणसे येतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला एकच परवानगी लागत नाही. अनेक कार्यालयांत, अनेक टेबलांवर, अनेक वर्षे सह्या व्हाव्या लागतात. पुढची सही कोणाची, ती कधी होणार आणि ती करण्यापूर्वी त्या माणसाला कायद्याने काय वाचावे लागते, हे ज्याला ठाऊक आहे तोच या कामात उपयोगी पडतो. बाकी उत्साह चांगलाच, पण तो कुठे खर्च करायचा हे त्या सह्यांवरून ठरते.

नकाशा समोर घेऊन बसा

पहिला आठवडा फक्त प्रकल्प समजून घेण्यात घालवा. वायुप्रकल्प म्हणजे एक कारखाना नसून साखळी असते. समुद्राच्या तळाशी विहिरी, तिथून किनाऱ्यापर्यंत नळ, किनाऱ्यावर वायू शुद्ध करून उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड करणारी यंत्रे, साठवणीच्या प्रचंड टाक्या आणि जहाजे लागण्यासाठी धक्का, असे तिचे दुवे असतात. थंड केलेला वायू मूळ आकारमानाच्या सुमारे सहाशेव्या हिश्श्यात मावतो, म्हणूनच तो जहाजाने दूर नेणे परवडते. जहाजाला खोल पाणी लागते, त्यामुळे समुद्रतळ खणून गाळ उपसावा लागतो. कामगारांना वसाहत लागते, वसाहतीला गोडे पाणी आणि रस्ता लागतो. किनाऱ्याचे नुकसान बहुधा चिमणीपेक्षा या गाळाने, धक्क्याने, रस्त्याने आणि रात्रीच्या उजेडाने जास्त होते. नवख्या माणसाचे लक्ष मात्र चिमणीवरच जाते.

साखळी समजली की दुसरा प्रश्न आपोआप पुढे येतो: आपण नेमके काय वाचवतो आहोत? हा प्रश्न वाटतो त्याहून कठीण आहे. इक्थिस नावाच्या वायुक्षेत्राचा कारखाना आधी किम्बर्लीच्या किनाऱ्याजवळील मॅरेट बेटांवर उभारायचा विचार होता. २००८ मध्ये कंपनीने तो डार्विनला नेण्याचे ठरवले आणि वायू सुमारे ८९० किलोमीटर लांबीच्या नळातून तिकडे गेला. बेटे वाचली, पण विहिरी खोदल्या गेल्याच. ब्राउझचीही तीच कथा आहे. जेम्स प्राइस पॉइंटचा बेत मागे पडल्यावर समुद्रातच तरंगणारा कारखाना उभारण्याची योजना आली, ती मार्च २०१६ मध्ये बाजूला ठेवली गेली, आणि त्यानंतर सुमारे ९०० किलोमीटर लांबीच्या नळाने हा वायू त्याच राज्यातील कॅरथा शहराजवळच्या जुन्या कारखान्यात नेण्याचा प्रस्ताव पुढे आला. ज्यांना किनारा हवा होता त्यांच्या दृष्टीने २०१३ मध्ये काम झाले. ज्यांना वायुक्षेत्राला लागून असलेल्या स्कॉट रीफ या प्रवाळ खडकाची, तिथल्या वाळूच्या छोट्याशा बेटावर अंडी घालणाऱ्या हिरव्या कासवांची किंवा जगाच्या तापमानाची काळजी होती, त्यांचे काम तिथून खऱ्या अर्थाने सुरू झाले. मोहिमेत दोन्ही प्रकारची माणसे असतात आणि ती एकमेकांना सोबती समजत असतात. त्यांचे ध्येय एक आहे की शेजारशेजारचे आहे, हे पहिल्याच बैठकीत बोलून कागदावर उतरवून ठेवावे. अन्यथा कंपनी जागा बदलते त्या दिवशी अर्धी मोहीम घरी जाते.

जमीन कोणाची, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बाहेरून आलेले लोक सर्वांत जास्त इथेच चुकतात.

नकाशावर मोकळा दिसणारा हा किनारा मोकळा नाही. उत्तर-दक्षिण जाणारा एक गीतमार्ग या किनाऱ्याने जातो. पाणी कुठे मिळते, कोणत्या जागी काय करू नये आणि कोणाचे कोणाशी काय नाते आहे, हे त्या गीतांत साठवलेले आहे. खडकांत उमटलेले तीन बोटांचे डायनोसॉरचे ठसे हे त्या गीतांत मराला या एमू-मानवाचे पाऊल आहेत. गूलाराबूलू समाजाचे ज्येष्ठ पॅडी रो यांनी १९८७ मध्ये लुरुजारी वारसा-पदयात्रा सुरू केली. नऊ दिवसांत सुमारे ८० किलोमीटर चालत जायचे आणि चालता चालता ती भूमी ओळखायची, असे तिचे स्वरूप आहे. कारखान्याचा प्रस्ताव येण्याच्या वीस वर्षे आधीपासून लोक या वाटेने चालत होते, ही बाब फार महत्त्वाची ठरली. पुढे आंदोलनाला आलेल्यांपैकी कित्येकांच्या पायांना ही जमीन आधीच माहीत होती.

आता गुंतागुंत पाहा. मूळनिवासींचा जमिनीवरील पारंपरिक हक्क मान्य करणाऱ्या १९९२ च्या माबो निकालानंतर १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियात पारंपरिक भूहक्काचा कायदा झाला. त्या हक्काला तिथे नेटिव्ह टायटल म्हणतात. या कायद्याने हक्कदारांना वाटाघाटीचा अधिकार मिळतो, पण नकाराचा निर्णायक अधिकार मिळत नाही. सप्टेंबर २०१० मध्ये राज्य सरकारने जमीन सक्तीने संपादन करण्याची प्रक्रिया सुरू केली आणि त्या टांगत्या तलवारीखाली बोलणी झाली. मे २०११ मध्ये दावेदार गटाने १६४ विरुद्ध १०८ मतांनी करार स्वीकारला. तीस वर्षांत मिळून सुमारे दीड अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचे लाभ त्यात होते. किम्बर्ली लँड कौन्सिल ही ॲबोरिजिनल लोकांचीच संघटना हक्कदारांच्या वतीने वाटाघाटीला बसली होती. घरे, आरोग्य, शिक्षण यांसाठी पैसा हवा म्हणून ज्यांनी होकार दिला, त्यांना विकले गेलेले म्हणणे हा बाहेरच्या माणसाचा उद्धटपणा आहे. नागरिक म्हणून जे कोणत्याही कराराशिवाय मिळायला हवे ते मिळवण्यासाठी किनारा पणाला लावावा लागतो, यातला अन्याय होकार देणाऱ्यांचा नव्हे.

त्यातही आणखी एक पदर आहे. विरोधाचे नेतृत्व मुख्यतः गूलाराबूलू कुटुंबांनी केले. परंतु २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने या भागावर जाबिर-जाबिर लोकांचा भूहक्क मान्य केला आणि गूलाराबूलूंचा दावा नाकारला. परंपरेतील जबाबदारी आणि कायद्यातील हक्क यांचा मेळ नेहमी बसत नाही. तुम्ही जिथे काम कराल तिथेही बहुधा एकाहून अधिक गट असतील आणि प्रत्येकाकडे आपापला इतिहास असेल. म्हणून ‘या भूमीचे मूळ मालक विरोधात आहेत’ असे सरसकट वाक्य पत्रकात कधीही छापू नये. कोणी, कोणत्या सभेत, कोणाच्या वतीने विरोध केला तेवढेच लिहावे.

व्यवहारात याचा अर्थ असा की, गावात पोचल्यावर आधी भेटायला जावे, बोलावतील तेव्हा बसावे आणि आपल्याला काय करायचे आहे ते सांगण्यापूर्वी त्यांना काय हवे आहे ते ऐकावे. स्त्रियांसाठी किंवा पुरुषांसाठी राखीव असलेल्या जागा असतात. तिकडे जाऊ नये आणि त्यांची छायाचित्रे तर काढूच नयेत. अनेक कुटुंबांत निधन झालेल्या व्यक्तीचे नाव किंवा चित्र परवानगीवाचून वापरत नाहीत, म्हणून जुने फलक आणि चित्रफिती पुन्हा वापरण्यापूर्वी घरच्यांना विचारावे. आणि व्यासपीठावर पहिले बोलणे तुमचे नसावे.

सह्यांची दिनदर्शिका तयार करा

भिंतीवर एक मोठा कागद लावा आणि त्यावर तीन रकाने पाडा: राज्य सरकार, संघीय सरकार आणि समुद्र.

राज्याच्या रकान्यात १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील प्राधिकरण येते. ते प्रकल्पाचे परीक्षण करून मंत्र्याला शिफारस करते आणि निर्णय मंत्री घेतो. प्रकल्प प्राधिकरणाकडे दाखल झाल्यावर त्याचे परीक्षण करावे की नाही यावर म्हणणे मांडायला लोकांना जेमतेम सात दिवस मिळतात. नवख्यांना हे कळेपर्यंत ते संपलेले असतात. संघीय रकान्यात १९९९ चा पर्यावरण संरक्षण व जैवविविधता संवर्धन कायदा येतो. राष्ट्रीय महत्त्वाचा वारसा, संकटग्रस्त प्रजाती, स्थलांतर करणारे जीव अशा कायद्यात ठरवून दिलेल्या बाबींना धोका असेल तरच तो लागू होतो. त्यातील पहिल्या टप्प्यावर लोकांना कामकाजाचे दहा दिवस दिलेले असतात. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या पलीकडचा समुद्र सामान्यतः संघीय सत्तेखाली येतो आणि तिथल्या तेल-वायू कामांवर एक स्वतंत्र नियामक लक्ष ठेवतो. स्कॉट रीफची गंमत अशी की तो किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असूनही तिथले वाळूचे बेट राज्याचे असल्यामुळे त्याच्या भोवतीचे पाणी राज्याच्या हद्दीत मोजले जाते. म्हणजे त्या वायूसाठी दोन्ही सरकारांच्या सह्या लागतात. वाळूच्या एका पट्टीमुळे निर्माण झालेली ही दुसरी सही मोहिमेसाठी सोन्याच्या मोलाची आहे.

या कायद्यांत वारंवार बदल होतात. वर दिलेल्या मुदती काम कसे चालते ते कळावे म्हणून दिल्या आहेत. प्रत्यक्ष तारीख त्या-त्या नोटिशीवरूनच उतरवून घ्यावी. एका माणसाने दर सोमवारी सगळ्या कार्यालयांच्या नव्या नोटिसा पाहायच्या, एवढेच काम वर्षभर केले तरी त्याने मोठी सेवा केली असे समजावे.

हरकत अशी लिहावी

हरकत कोणीही पाठवू शकतो. त्यासाठी नागरिक असावे लागत नाही, तिथे राहावे लागत नाही. एकाच मजकुराच्या हजारो प्रती पाठवल्या तर आकडा मोठा दिसतो, पण परीक्षण करणारे कार्यालय त्या सगळ्यांना मिळून एकच मुद्दा मानू शकते. त्यापेक्षा वीस जणांनी अहवालाची वीस प्रकरणे वाटून घ्यावीत. प्रत्येकाने आपले प्रकरण दोनदा वाचावे, आणि कुठल्या पानावर कोणते विधान आहे, त्याला आधार काय दिला आहे, सर्वेक्षण कोणत्या महिन्यांत आणि किती दिवस झाले, हे टिपून घ्यावे. पावसाळ्यात बाहेर पडणारा प्राणी कोरड्या ऋतूत शोधला असेल तर ‘आढळला नाही’ या शब्दांना अर्थ उरत नाही, आणि हे दाखवून देण्यासाठी शास्त्रज्ञ असावे लागत नाही.

शेवटी कोणती अट घालावी हेही लिहावे. ‘प्रकल्प रद्द करा’ असे जरूर लिहा. पण मान्यता दिलीच तर देवमाशांच्या विणीच्या काळात गाळउपसा बंद ठेवावा, असेही त्याच कागदात मागा. काही कार्यकर्त्यांना हा पराभव आधीच मान्य केल्यासारखे वाटते. माझे मत वेगळे आहे: प्रत्येक अट वेळ घेते आणि खर्च वाढवते, आणि जगातील वायूचा बाजार कोणासाठी थांबत नाही.

स्वतः मोजा

जेम्स प्राइस पॉइंटच्या मोहिमेतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. अंटार्क्टिकाकडून येणारे हंपबॅक देवमासे हिवाळ्यात किम्बर्लीच्या उबदार पाण्यात पिलांना जन्म देतात. ब्रूमच्या स्वयंसेवकांनी कड्यावर दुर्बिणी घेऊन, ठरलेल्या पद्धतीने, हंगामभर त्यांची मोजणी केली. समुद्री कासवांची घरटीही गावकऱ्यांनी पहाटे किनारा चालून नोंदवली. लांब कानांचा, बिळांत राहणारा बिल्बी हा संकटग्रस्त प्राणी अधिकृत पाहणीत सापडला नव्हता. स्थानिक पाहणीत तो आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांत आला. वाळूच्या टेकड्यांमागे वेलींनी गुंफलेल्या मोसमी झाडीचे छोटे-छोटे पट्टे आहेत. त्यांना २०१३ मध्ये संघीय कायद्याखाली संकटग्रस्त परिसंस्थेचा दर्जा मिळाला.

डायनोसॉरच्या ठशांची हकीगत तर मुळातून जाणून घेण्यासारखी आहे. ठसे ओहोटीलाच उघडे पडतात. इथल्या भरती-ओहोटीत दहा मीटरपर्यंत फरक पडतो, त्यामुळे पाहणीला मिळणारा वेळ दिवसातून थोडाच असतो. गूलाराबूलू लोकांनीच बोलावल्यावरून जीवाश्मतज्ज्ञ स्टीव्ह सॅलिसबरी आणि त्यांचे सहकारी तिथे गेले. ३१ ऑगस्ट २०११ रोजी पश्चिम किम्बर्लीचा राष्ट्रीय वारसा यादीत समावेश झाला, त्यात हे ठसेही होते. संशोधकांचा सविस्तर अभ्यास मार्च २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी २१ प्रकारचे ठसे ओळखले आणि त्यांतील सर्वांत मोठा सुमारे १.७ मीटर लांब होता. म्हणजे संपूर्ण अभ्यास बाहेर येईपर्यंत कारखान्याचा निर्णय होऊन चार वर्षे लोटली होती. विज्ञानाचा वेग मोहिमेच्या वेगाशी जुळत नाही, म्हणून अभ्यासक पहिल्याच वर्षी गाठावेत.

मोजणी कशी करावी, तर आधी जाणकाराकडून पद्धत लिहून घ्यावी आणि मध्येच ती बदलू नये. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, हवामान आणि निरीक्षकाची आद्याक्षरे असावीत. ज्या दिवशी काहीच दिसले नाही तो दिवसही वहीत यायलाच हवा; रिकामे दिवस गाळलेली वही विरोधी वकील पाच मिनिटांत फाडून टाकतो. घरट्यांच्या आणि ठशांच्या नेमक्या जागा मात्र उघड करू नयेत, त्या फक्त अभ्यासकांना आणि हक्कदारांना द्याव्यात. ठसे कापून चोरून नेण्याचे प्रकार या किनाऱ्यावर पूर्वी घडले आहेत.

न्यायालयात कधी जावे

न्यायालय किनारा सुंदर आहे की नाही हे ठरवत नाही. सही योग्य रीतीने झाली की नाही एवढेच पाहते. हे समजले की दोन निकालांचा अर्थ लागतो. ६ डिसेंबर २०११ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या संपादनाच्या नोटिसा अवैध ठरवल्या, कारण कोणती जमीन घ्यायची आहे याचे वर्णनच त्यांत पुरेसे नव्हते. १९ ऑगस्ट २०१३ रोजी त्याच न्यायालयाचे सरन्यायाधीश वेन मार्टिन यांनी पर्यावरण मान्यताही अवैध ठरवली, कारण प्राधिकरणातील हितसंबंध गुंतलेल्या सदस्यांनी प्रक्रियेच्या आधीच्या टप्प्यांत भाग घेतला होता. हा दुसरा खटला वाइल्डरनेस सोसायटी ही पर्यावरणवादी संस्था आणि गूलाराबूलू समाजाचे रिचर्ड हंटर यांनी लढवला. निकाल लागला तेव्हा कंपनीने जागा सोडून चार महिने झाले होते. दोन्ही दोष कोणीतरी शांतपणे कागद वाचत बसल्यामुळे सापडले. नोटीस नव्याने काढता येते, परीक्षण पुन्हा करता येते; न्यायालयात मिळतो तो मुख्यतः वेळ, आणि तो कशासाठी वापरायचा हे आधी ठरलेले असावे.

उलट बाजूचा धडा शेजारच्या तिमोर समुद्राने दिला. २०२२ मध्ये तिवी बेटांवरील रहिवाशांनी बारोसा वायुक्षेत्राच्या खोदकामाविरुद्ध संघीय न्यायालयात दाद मागितली आणि त्यांच्याशी नीट सल्लामसलत झाली नव्हती हे मान्य झाले. जानेवारी २०२४ मध्ये त्याच प्रकल्पाच्या नळाविरुद्धचा दुसरा खटला मात्र कोसळला. सांस्कृतिक स्थळांचे नकाशे ज्या पद्धतीने तयार करण्यात आले होते त्यावर न्यायाधीशांनी कडक ताशेरे ओढले आणि त्यानंतर पर्यावरणवादी वकिलांच्या संस्थेवर सुमारे ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा खर्च पडला. साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालू नयेत, ‘हे असेच सांगा’ असे सुचवूही नये. ज्येष्ठ जे सांगतील ते जसेच्या तसे, त्यांच्याच भाषेत, त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावे. ते मोहिमेला सोयीचे नसेल तरीही तसेच ठेवावे.

पैशाच्या बाजूने पाहा

ब्राउझमध्ये एकच कंपनी नव्हती. वुडसाइडच्या जोडीला शेल, बीपी, बीएचपी, शेव्हरॉन असे भागीदार होते आणि सगळ्यांना किनाऱ्यावरचा कारखाना सारखाच हवा होता असे नाही. शेलला तरंगत्या कारखान्याचे तंत्र पुढे न्यायचे होते. २०१२ मध्ये तिने शेव्हरॉनचा हिस्सा घेतला आणि पारडे झुकू लागले. त्याच वर्षी मित्सुई आणि मित्सुबिशी यांनीही हिस्सा विकत घेतला. खर्चाचे अंदाज ४० अब्ज डॉलरच्या पुढे गेले होते. म्हणून ‘आंदोलनाने प्रकल्प थांबवला’ असे छातीठोकपणे म्हणणे बरोबर नाही, आणि ‘बाजाराने थांबवला, आंदोलनाचा काही संबंध नाही’ हेही नाही. विलंबाने खर्च वाढतो, खर्चाने भागीदार बिथरतात. दोन्ही कारणे एकाच नळातून वाहत होती.

नवागताने करायचे काम असे: भागीदारांची यादी आणि हिस्से काढा, त्यांना कर्ज देणाऱ्या बँका आणि विमा कंपन्या शोधा, वायू विकत घेणारे कोण आहेत ते पाहा. ऑस्ट्रेलियातील कायद्यानुसार १०० भागधारक एकत्र येऊन वार्षिक सभेत ठराव मांडू शकतात, आणि एक-दोन समभाग असलेला माणूसही सभेत उभा राहून प्रश्न विचारू शकतो. एप्रिल २०२४ मध्ये वुडसाइडच्या हवामानविषयक आराखड्याच्या विरोधात ५८ टक्के मते पडली. ते मत बंधनकारक नव्हते, पण संचालकांना त्याचे उत्तर द्यावे लागते. सभेत भाषण करू नका. एकच प्रश्न विचारा, ज्याचे उत्तर आकड्यात द्यावे लागेल.

रस्त्यावर उतरण्यापूर्वी

२०११ आणि २०१२ मध्ये कंपनीची यंत्रे जाणाऱ्या मनारी रस्त्यावर लोक आडवे बसले, काहींनी स्वतःला वाहनांना जखडून घेतले, आणि अटका झाल्या. बाहेरून आलेल्या शंभर तरुणांपेक्षा ब्रूममधील आजीबाई, शिक्षिका आणि मोती-उद्योगातील कामगार रस्त्यावर दिसणे हे सरकारला जास्त जड गेले, असे माझे वाचन आहे. म्हणून बाहेरच्याने आधी स्वयंपाकघरात, पाण्याच्या टाकीपाशी आणि वाहनदुरुस्तीत हात लावावा.

मनारी रस्ता लाल पिंडन मातीचा आहे. पाऊस पडला की तो चिखल होतो आणि बंद केला जातो. नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ. चारचाकी शक्तीचे वाहन, माणशी दिवसाला किमान काही लिटर पाणी, उपग्रह-दूरध्वनी आणि परत कधी येणार हे सांगितलेला एक माणूस गावात, एवढे नसेल तर निघू नये. खाड्यांत मगरी असतात. भरती वेगाने येते, खडकावर अडकलेल्यांना ती वाट पाहत नाही.

अटकेची शक्यता असलेल्या प्रत्येकाने आधी वकिलाशी बोलावे. तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांना हे दुप्पट लागू आहे: दोषसिद्धीचा व्हिसावर आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जावर परिणाम होऊ शकतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेल्या आपल्या तरुणांनी भावनेच्या भरात रस्ता अडवू नये, त्यांच्यासाठी हरकती, मोजणी आणि भागधारकांच्या सभा ही तितकीच खरी कामे आहेत. अहिंसेचा नियम लेखी असावा आणि तो न पाळणाऱ्याला त्याच दिवशी शिबिरातून निरोप द्यावा. पोलीस आणि कंत्राटदाराचे कामगार यांच्याशी अदबीने वागावे, त्यांच्यातलेही कित्येक त्याच गावाचे असतात.

गाव दुभंगतेच. ब्रूमची लोकसंख्या सुमारे पंधरा हजार. तिथे एकाच घरात होकार आणि नकार नांदत होते, आणि प्रकल्प गेल्यानंतरही ती माणसे त्याच दुकानात भेटत राहणार होती. कोणाच्याही नोकरीची टिंगल करू नये. पर्यटन आणि मोती यांवर किती घरे चालतात ते विचारून घ्यावे आणि ते आकडे सभेत मांडावेत.

मोठ्या जाहीर कार्यक्रमांबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी २०१३ मध्ये राज्याची राजधानी पर्थजवळच्या फ्रीमँटल येथे जॉन बटलर आणि मिसी हिगिन्स यांच्या गाण्यांच्या कार्यक्रमाला सुमारे वीस हजार लोक आले. त्याआधी ऑगस्ट २०१२ मध्ये सी शेफर्ड या समुद्री जीव वाचवणाऱ्या संघटनेचे जहाज त्या किनाऱ्यावर येऊन गेले. अशा दिवशी राजधानीचे लक्ष वेधले जाते. कार्यक्रमाच्या दारात नाव, ठिकाण आणि ‘मी काय करू शकेन’ असे तीन रकाने असलेली वही ठेवलेली नसेल, तर दुसऱ्या दिवशी हातात फक्त छायाचित्रे उरतात.

जागा सुटल्यानंतर

ज्या दिवशी कंपनी निघून जाते त्या दिवशी तीन कामे करावीत. मोजणीच्या सगळ्या वह्या आणि कागद एका संस्थेकडे, प्रतींसह, सुरक्षित ठेवावेत. ज्यांचे नुकसान झाले त्यांच्याकडे, म्हणजे कराराकडे आशेने पाहणाऱ्या कुटुंबांकडे, जाऊन बसावे. आणि भिंतीवरचा कागद काढू नये. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्याने भूगर्भातील खडक फोडून वायू काढण्यावरील स्थगिती राज्याच्या सुमारे दोन टक्के भागापुरती उठवली. जेम्स प्राइस पॉइंट ज्यावर आहे तो डॅम्पियर द्वीपकल्प बंदीखाली ठेवला, पण आतल्या कॅनिंग खोऱ्याचे काही भाग खुले झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये संघीय सरकारने कॅरथाजवळच्या नॉर्थ वेस्ट शेल्फ कारखान्याला २०७० पर्यंत मुदतवाढ दिली. ब्राउझचा वायू ज्या कारखान्यात नेण्याचा प्रस्ताव आहे, तो हाच कारखाना आहे. त्यामुळे दिनदर्शिकेच्या तिन्ही रकान्यांत पुढच्या नोंदींसाठी जागा सोडून ठेवा आणि सोमवारच्या नोटिसा कोण वाचणार, त्याचे नाव त्याच कागदावर लिहा.